पानांवरची हळद

माघ सरता सरता वसमतहून कोणत्याही रस्त्यानं गावाकडं निघालं की आधी वास भेटतो. शिजणाऱ्या हळदीचा. ओल्या मातीचा, वाफेचा, थोडा कडसर. शेताच्या कडेला कुकर पेटलेले असतात, शिजलेली हळद उन्हात पसरलेली असते आणि घरातलं एकही माणूस मोकळं नसतं. म्हातारी माणसं कांड्या आणि गड्डे वेगळे करत बसतात. शाळा सुटल्यावर लेकरंही त्यांच्या शेजारी जाऊन बसतात. दुसऱ्या दिवशी ती माझ्यासमोर येतात तेव्हा त्यांची बोटं पिवळी असतात. साबणानं धुतली तरी नखांच्या कडेला रंग राहतोच.

त्याच बोटांनी ती पुस्तकं हाताळतात. त्यामुळे आमच्या शाळेच्या पुस्तकांना खालच्या कोपऱ्यात, अंगठा टेकवून पान उलटायच्या जागी, एक फिकट पिवळा ठसा असतो. सुरुवातीला असे ठसे पाहून मला राग यायचा. हात धुऊन या म्हणून मी रांग लावायची. पुढं हळूहळू मला ते ठसे वाचता यायला लागले. एखाद्या पुस्तकाच्या पहिल्या चार पानांवर पिवळा रंग असतो आणि पुढची पानं कोरी करकरीत. म्हणजे लेकरांनी ते चार पानांत सोडून दिलं. दुसऱ्या एखाद्या पुस्तकात मधलंच एक पान सगळ्यात मळलेलं असतं. म्हणजे त्या पानाशी कुणीतरी पुन्हा पुन्हा आलं होतं. देवघेवीच्या वहीत फक्त नेल्या-आणल्याची तारीख असते. वाचलं की नाही, कुठपर्यंत वाचलं, कुठं थांबून राहिलं, हे मला हळदीनं सांगितलं.

माझ्या लहानपणी शाळेतली पुस्तकं स्वच्छ असायची. इतकी स्वच्छ की त्यांना छापखान्याचा वास टिकून होता. तो वास मला ठाऊक आहे, कारण वर्षातून एकदा पेटी उघडायची तेव्हा मी जवळ उभी असायची. 1986च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून खडू-फळा योजना निघाली. त्या योजनेत प्राथमिक शाळांना किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि शिकवण्याचं साहित्य मिळायचं होतं. साहित्यात पृथ्वीचा गोल होता, नकाशे होते, वाद्यं होती, गणिताची आणि विज्ञानाची पेटी होती आणि मुलांसाठी गोष्टीची पुस्तकंही होती. आमच्या शाळेत हे सारं एका लोखंडी पेटीत आलं. गोल बाहेर आला आणि कपाटावर बसला. पुस्तकं पेटीतच राहिली. पेटीला कुलूप होतं, किल्ली गुरुजींच्या बंडीच्या खिशात.

त्या गुरुजींना मी अनेक वर्षं मनात दोषी धरलं. स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत रुजू झाले, पहिल्यांदा ‘चार्ज’ घेतला आणि डेडस्टॉक रजिस्टरवर सही केली, तेव्हा मला त्यांचं कुलूप समजलं. त्या रजिस्टरात लाकडी खुर्ची, लोखंडी घंटा, पाण्याची टाकी आणि गोष्टीचं पुस्तक एकाच रकान्यात ओळीनं येतात. खुर्ची जशी मोजून घ्यायची आणि मोजून द्यायची, तसंच पुस्तकही. कमी भरलं तर उत्तर द्यायचं. अशा हिशेबात सगळ्यात सुरक्षित पुस्तक म्हणजे कुणीच न उघडलेलं पुस्तक. गुरुजी वाईट नव्हते. ते घाबरलेले होते. पहिली तीन वर्षं मीही घाबरले होते आणि माझ्याही पर्सच्या आतल्या कप्प्यात एक किल्ली होती.

पण सगळा दोष रजिस्टरचा नाही. पुस्तकाला हात लावायचा नसतो, हे आमच्या घराघरांत रजिस्टरच्या कितीतरी आधीपासून आहे. आमच्या घरात एकच ग्रंथ होता, श्रीधरस्वामींचा ‘पांडवप्रताप’. लाल फडक्यात बांधून देवळीत ठेवलेला. श्रावणात सोडायचा, आजोबा वाचायचे, समाप्ती झाली की पुन्हा बांधायचा. मधल्या अकरा महिन्यांत त्याला शिवलं तर पाठीत धपाटा. आजोबा निजामाच्या काळात शिकलेले. तहतानिया, वस्तानिया, फौकानिया अशी तेव्हाची शाळेची चढण होती आणि वर जायचं तर उर्दूतून. ते गणित उर्दूत करायचे, पोथी मराठीत वाचायचे आणि आपल्याच भाषेतली गोष्ट त्यांना शाळेत कधी भेटली नव्हती. 17 सप्टेंबर 1948ला निजामाचं राज्य गेलं आणि सगळं पालटलं, शाळा मराठी झाली. पण पोथीचं फडकं जणू शाळेतही येऊन बसलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही पाटीवर एकच्या आकड्यांची सरस्वती काढायचो. गुरुजी त्या दिवशी पेटी उघडायचे, वरच्या दोन पुस्तकांना हळद-कुंकू वाहायचे. आम्ही हात जोडायचो. पेटी बंद व्हायची.

हळद तेव्हाही पुस्तकाला लागत होती. फक्त मुखपृष्ठाला.

माझं कुलूप उघडलं ते एका मुलीमुळं. माझी तेव्हाची शाळा तांड्याजवळ होती. ही मुलगी दुसरीत, घरी गोरमाटी बोलणारी. शाळेतल्या मराठीत ती हजेरीचा ‘हजर’ सोडून काही बोलत नव्हती. तिला काही येत नाही, असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. एका शनिवारी सकाळची शाळा होती, पाऊस होता, दहा-बारा लेकरं आली होती. त्यांना बसवून तरी काय ठेवायचं, म्हणून मी पेटीतली चित्रांची पुस्तकं जमिनीवर पसरली. ती मुलगी एका पुस्तकापाशी बसली. बऱ्याच वेळानं तिनं माझ्या साडीचा पदर ओढला. चित्रात चुलीपुढं भाकरी थापणारी बाई होती. मुलीनं तिच्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, “याडी.” याडी म्हणजे आई. मग तिनं चूल दाखवली, तव्यावरची भाकरी दाखवली, दारातली कोंबडी दाखवली, आणि तिच्या भाषेत भडाभडा बोलत सुटली. मला निम्मं कळलं नाही. पण त्या मुलीला गोष्ट सांगता येते, मागचं-पुढचं जोडता येतं, बाईच्या चेहऱ्यावरून ती दमली आहे हे ओळखता येतं, एवढं कळलं. दीड वर्ष मी पाठ्यपुस्तक तिच्यापुढं धरून तिला काय येत नाही ते मोजत होते. चित्राच्या पुस्तकानं पहिल्यांदा तिला काय येतं ते दाखवलं.

सोमवारी मी पेटी रिकामी केली. वर्गात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सुतळी बांधली, लेकरांच्या छातीच्या उंचीवर. कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी पुस्तकं तिच्यावर लावली, मुखपृष्ठं बाहेर. लहान लेकरं पुस्तक कण्यावरचं नाव वाचून निवडत नाहीत, चित्र बघून निवडतात. कपाटात उभी रचलेली पुस्तकं त्यांच्यासाठी बंद दारांची ओळ असते. हे मला कुठल्या प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं, सुतळीनं सांगितलं.

पुढं बऱ्याच वर्षांनी ‘तोत्तोचान’ हे पुस्तक हाती आलं. तेत्सुको कुरोयानागी यांचं, चेतना सरदेशमुख-गोसावी यांनी मराठीत आणलेलं. त्यातली टोकियोची तोमोए शाळा रेल्वेच्या जुन्या डब्यांत भरायची आणि तिचं वाचनालयही एका डब्यात होतं. डबा रात्री येणार म्हणून मुलं घरून परवानगी घेऊन शाळेत झोपायला आली होती. मुख्याध्यापक सोसाकू कोबायाशी यांनी मुलांना डबा दाखवून सांगितलं, की हा तुमचा आहे, अमुक पुस्तक अमुक इयत्तेचं असं इथं काही नाही, आवडेल ते वाचा, हवं तर घरी न्या. ती शाळा 1945 साली बॉम्बहल्ल्यात जळाली. मी ते प्रकरण चौथीच्या वर्गाला वाचून दाखवलं तेव्हा एक मुलगा म्हणाला, “मॅडम, तो डबा पण जळाला का?” माणसांबद्दल, इमारतीबद्दल त्यानं विचारलं नाही. वर्ग बराच वेळ गप्प होता.

इयत्तेचं बंधन नाही, ही गोष्ट वाटते त्यापेक्षा मोठी आहे. सरकारी शाळेतल्या लेकराला सगळं ठरवून मिळतं. गणवेशाचा रंग ठरलेला, पुस्तकं ठरलेली, दुपारची खिचडी ठरलेली, बसायची ओळ ठरलेली. हे सगळं त्याच्या हक्काचं आहे आणि ते मिळालंच पाहिजे. पण त्यात त्याला ‘तुला काय पाहिजे?’ असं कुणी विचारत नाही. घरी तर नाहीच. घरी वडीलभावाचा शर्ट धाकट्याला येतो. सुतळीपुढं उभं राहिलेलं सहा वर्षांचं लेकरू मी पुष्कळदा निरखून पाहिलंय. हात एका पुस्तकाकडं जातो, थांबतो, दुसऱ्याकडं जातो, मागं वळून मित्राकडं बघतो. त्या लेकराच्या आयुष्यातली ती बहुधा पहिली निवड असते. आणि चुकली तरी चालणारी निवड. गणिताचं उत्तर चुकलं तर लाल खूण येते. पुस्तक चुकीचं निघालं तर ते उद्या परत लावायचं आणि दुसरं घ्यायचं, एवढंच. म्हणून मी कधीही ‘वाचलेल्या पुस्तकावर दहा ओळी लिहा’ असं सांगितलं नाही. अर्धवट सोडायचा हक्क हा वाचण्याच्या हक्काचाच भाग आहे. तो पाठ्यपुस्तकात देता येत नाही, वाचनालयातच देता येतो.

वाचनालयाचा असाच विचार मला शियाळी रामामृत रंगनाथन यांच्याकडं सापडला. ते मूळचे गणिताचे प्राध्यापक. 1924 साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि 1931 साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यातलं पहिलं सूत्र इतकं साधं आहे की वाचताना वाटतं, हे सांगायची गरज काय? पुस्तकं वापरासाठी असतात, एवढंच ते सांगतं. पण त्यांनी त्याच विवेचनात युरोपातल्या जुन्या ग्रंथालयांची आठवण करून दिलीय, जिथं पुस्तकं साखळीनं फळीला बांधून ठेवायचे. तेव्हा मला आमची पेटी आठवली. साखळी तिकडं दिसायची तरी. पुस्तक बांधलेलं असलं तरी डोळ्यांपुढं उघडता यायचं. आमच्या पेटीला तीही सोय नव्हती.

कायद्यानं पाहिलं तर आता कुणालाच तक्रारीला जागा नसावी. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या 2009च्या कायद्याला जोडलेल्या अनुसूचीत लिहिलंय, की प्रत्येक शाळेत ग्रंथालय असेल आणि त्यात वर्तमानपत्रं, मासिकं, सर्व विषयांची पुस्तकं, गोष्टीची पुस्तकंसुद्धा असतील. समग्र शिक्षा अभियानात प्राथमिक शाळेच्या ग्रंथालयासाठी वर्षाला 5000 रुपयांपर्यंतची तरतूद आहे. लेकरांची पातळ पुस्तकं आजही स्वस्त मिळतात. विचारपूर्वक निवडली तर एवढ्या पैशांत सुतळी भरून उरते. पण निवडायचं कुणी? जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेला ग्रंथपालाचं पद नाही. वर्गावरच्या शिक्षकानं हजेरी, पोषण आहाराचा हिशेब, निवडणुकीची कामं सांभाळून ते करायचं. मग गठ्ठे येतात आणि गठ्ठ्यांत लेकरांचं वय कुणी पाहिलेलं नसतं. दुसरीच्या वर्गासाठी आलेल्या गठ्ठ्यात बारीक टायपातली चरित्रं आणि स्पर्धा परीक्षेची पुस्तकं निघाल्याचं मी पाहिलंय. 15 ऑक्टोबरला, डॉ. अब्दुल कलाम यांच्या जन्मदिनी, आपल्याकडं 2015पासून वाचन प्रेरणा दिन होतो. त्या दिवशी लेकरं गोल करून बसतात, हातात पुस्तकं असतात, फोटो निघतो. मला त्या दिवसाचं दुःख नाही, मला 16 ऑक्टोबरचं दुःख आहे.

पुस्तक घरी गेलं पाहिजे, यावर मी सगळ्यात जास्त भांडले. शाळेत वाचलेलं पुस्तक एका लेकराचं होतं. घरी नेलेलं पुस्तक घराचं होतं. हळदीच्या दिवसांत रात्री कुकरपाशी जागरण असतं. तिथं बॅटरीच्या उजेडात तिसरीतली नात आजीला गोष्ट वाचून दाखवते, आजी मधेच थांबवून “असं नसतंय ते, मी सांगते” म्हणते आणि तिची गोष्ट सांगते. दुसऱ्या दिवशी नात मला दोन गोष्टी सांगते, पुस्तकातली आणि आजीची. आमच्या भागातल्या लेकरांच्या कानावर सप्ताहातलं कीर्तन असतं, ओव्या असतात, भारुडं असतात. तोंडी वाङ्मयात ती श्रीमंत असतात. छापील अक्षराशी मात्र त्यांची ओळख पाठ्यपुस्तकापुरती, आणि पाठ्यपुस्तक सगळ्या महाराष्ट्राचं एक. त्यात आमचं ‘काय करायलास’ नसतं. एकदा एका पुस्तकात कुण्या लेखकानं मराठवाड्याच्या बोलीतला संवाद लिहिलेला निघाला. वर्गातला दांडगा मुलगा ते वाचता वाचता उभाच राहिला. “मॅडम, ह्यात तं आपल्यावाणी बोलायलेत!” त्याला वाटत होतं, छापलेल्या कागदावर आपल्यासारख्यांना बोलायची परवानगी नसते. ‘किशोर’ मासिक बालभारती 1971पासून काढतेय. त्याचे जुने अंक मी वसमतच्या रद्दीच्या दुकानातून किलोवर आणलेत. त्यातली कोकणातली, खानदेशातली, वऱ्हाडातली बोली ऐकून लेकरं आधी हसली, मग त्या बोलीत एकमेकांशी भांडायला लागली. एका मराठीत इतक्या मराठ्या असतात, हे त्यांना कुणी शिकवलं नाही.

आणि वाचायची सवय लागलेलं लेकरू मग थांबत नाही. ते दुकानाच्या पाट्या वाचतं, पुडीचा कागद वाचतं, लग्नपत्रिका वाचतं. सहल म्हणून आम्ही एकदा आगगाडीनं हिंगोलीकडं निघालो. वसमतच्या फलाटावर एका मुलीनं पाटी वाचली आणि मला हात धरून मागं नेलं. “मॅडम, इथं बसमत लिहिलंय. चुकलंय.” चुकलं नव्हतं, रेल्वेच्या दप्तरी ते निजामाच्या काळातलं नाव तसंच चालत आलंय. मी तिला आजोबांच्या उर्दू शाळेपासून सगळं सांगितलं. असाच प्रश्न पेटीतल्या जुन्या पुस्तकांवरून आला होता. त्यांच्या पहिल्या पानावर जांभळा शिक्का आहे: ता. वसमत, जि. परभणी. हिंगोली जिल्हा झाला 1 मे 1999ला, पुस्तकं त्याच्या आधीची. लेकरं पुस्तक घेऊन आली, “ही आपली नाहीत का?” त्या दिवशी इतिहासाचा तास मी घेतला नाही, शिक्क्यानं घेतला.

वाचनालयातलं सगळ्यात मळलेलं पुस्तक मात्र विकत आणलेलं नाही. 2024 साली वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, पेपरात आलं. मी लेकरांना म्हटलं, हळदीवर आपल्याकडं एक पुस्तक नाही, तुम्ही करता का? त्यांनी घरून विचारून आणलं. बेणं कधी लावायचं, पाला कधी कापायचा, किती शिजली म्हणजे काडी आरपार जाते, ढोलात घालून चकाकी कशी आणतात. कुणी आईचे तडे गेलेले तळहात काढले. कुणी भाव पडल्यावर बाप जेवला नाही, तो दिवस लिहिला. पाठकोऱ्या कागदांची ही चाळीसेक पानं आम्ही सुईदोऱ्यानं शिवली, जाड पुठ्ठा लावला, डेडस्टॉकात नोंद केली. किंमत: शून्य. हे पुस्तक सुतळीवर कधी टिकलंच नाही. एका घरून परत आलं की दुसऱ्या घरी. त्याचा रंग मुळात काय होता, ते आता आठवत नाही.

यंदा माझी बदली झाली. चार्ज घ्यायला आलेले गुरुजी तरुण, नीटनेटके, पहिलीच नोकरी. आम्ही दोघं दोन दिवस पुस्तकं मोजत होतो. रजिस्टरात आहेत तेवढी भरली नाहीत. जी नाहीत त्यांच्यापुढं मी ‘वाचनात गेलं’ असं लिहिलं आणि तारीख टाकली. असा रकाना रजिस्टरात नसतो, तो मी पट्टीनं आखला. खाली सही केली. फाटक्या पुस्तकांचा ढीग त्यांनी निर्लेखनासाठी बाजूला काढला होता. त्यात वरच हळदीचं पुस्तक होतं, पुठ्ठा निघालेलं, दोरा सैल झालेला. त्यांनी ते दोन बोटांत धरून माझ्याकडं पाहिलं.

मी काही बोलायच्या आत देवघेवीची वही सांभाळणारी चौथीतली मुलगी पुढं झाली. तिनं ते त्यांच्या हातातून अलगद घेतलं, छातीशी धरलं.

“सर, हे तं मी घरी न्यायलेय. लिहा.”

गुरुजींनी ढिगाकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं, मग वही ओढून पेनाचं टोपण काढलं.

“नाव सांग,” ते म्हणाले.